शनिवारची फेरी

चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीच्या बागा संपतात तिथून रस्ता अरुंद होतो. पुढे नाल्यावर एक फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आहे. ती ओलांडली की पाडा लागतो. त्या पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवायला शिकले. तोवर माहेरी अमळनेरला आणि लग्नानंतर चोपड्याला माझं सगळं हिंडणं एसटीने झालेलं. पण पाड्याची एसटी शाळा भरल्यावर यायची आणि परतीची कधी यायची ते तिलाच माहीत. नवऱ्याने एक जुनी स्कूटी आणली, घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर मला शिकवली, आणि पावसाळ्याआधीच मी त्या रस्त्याला लागले.

शाळा दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची. तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. सगळा पाडा त्यांना गुरुजी म्हणायचा, म्हणून मीही गुरुजीच म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मुलं हुशार आहेत. फक्त आपण काय बोलतो ते त्यांना कळायला वेळ लागतो. घाई करू नका."

मुलांच्या घरी पावरी बोलतात. मी घरी अहिराणी बोलणारी, वर्गात पुस्तकातली मराठी. म्हणजे आम्हा दोघांनाही पुस्तकातली भाषा थोडी लांबचीच होती, पण मला ती येत होती आणि त्यांना यायची होती.

मुलांना अभ्यासाची गोडी लागावी म्हणून मी बक्षिसं सुरू केली. आधी वहीवर चिकटवायचे चमकीचे तारे आणले. ते दुसऱ्या दिवशी कपाळावर आले. मग चॉकलेटं आणली, तर एकाला दिलं की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि शिकवणं तिथेच थांबायचं. मग पेन्सिली. एका मुलाने सलग चांगलं लिहिलं म्हणून त्याला रंगीत पेन्सिल दिली, तर तो पुन्हा तोकड्या पेन्सिलीनेच लिहिताना दिसला. विचारलं तर म्हणाला, आईने नवी पेन्सिल छपराच्या वाशात खोचून ठेवली आहे. बक्षिसाची आहे, लिहिली तर संपेल.

स्कूटीचं बक्षीस मी ठरवून काढलं नाही. पहिलीतल्या एका मुलीला दुपारी ताप भरला, घर पाड्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मी तिला गाडीवर बसवून सोडून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या निम्म्या वर्गाला ताप होता. एकेक जण कपाळ पुढे करून माझ्यासमोर उभा. मी हात लावून बघितला तर सगळे गार.

"तापासाठी गाडी मिळणार नाही," मी म्हटलं. "जो धडा वाचून दाखवेल त्याला मिळेल."

असं तोंडातून गेलं आणि तोच नियम झाला. शनिवारी सकाळची शाळा असायची. शाळा सुटली की त्या आठवड्यात ज्याने नवं काही वाचून दाखवलं असेल त्याला फरशीपर्यंत नेऊन परत आणायचं. गुरुजींना काळजी वाटली. ते म्हणाले, "हळू चालवा, आणि पोराला पुढे उभं करू नका, मागे बसवून तुमच्या ओढणीने बांधून घ्या." मी तसंच करायची. फेरीला निघालेलं मूल लग्नाच्या घोड्यावर बसल्यासारखं ताठ बसायचं. आया दारात यायच्या. उरलेली सगळी शाळा मागून धावायची आणि फरशीजवळ आम्हाला गाठायची.

वाचनाला असा जोर आला की मलाच नवल वाटलं. मुलं खिचडीच्या ताटावर बसूनसुद्धा बाराखडी म्हणायची. आसपासच्या शिक्षकांच्या केंद्रावरच्या बैठकीत मी ही गोष्ट हसत हसत सांगितली, तर दोघीतिघींनी आपल्या शाळेतही असंच काही करायचं ठरवलं.

दुसरीत एक मुलगी होती, ती मात्र बोलत नसे. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. रोज यायची, वेळेवर यायची, पाटी स्वच्छ पुसून आणायची. प्रश्न विचारला की मान खाली. मी सोपे प्रश्न विचारून बघितले, जवळ बसवून हळू आवाजात विचारून बघितलं, चित्र दाखवून बघितलं. तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. इतर मुलं कंटाळून म्हणायची, "बाई, तिला नाही येत. मला विचारा."

शनिवारी गाडीमागे धावणाऱ्यांत ती असायची. बाकीचे ओरडत, ती मुकाट्याने धावायची. फरशीपाशी पोचली की गाडीच्या मागच्या सीटवर तळहात ठेवून उभी राहायची. एका शनिवारी ते बघून मला राहवलं नाही. ज्याची फेरी होती ते मूल उतरल्यावर मी तिला म्हटलं, "चल, बस. परत जाताना तू."

तिने हात काढून घेतला, दोन पावलं मागे सरली आणि मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, तर वळून पाड्याकडे चालायलाच लागली. मला वाटलं, घाबरली असेल.

त्या वर्षी माझी मुलगी दहावीत होती. नवऱ्याने तिला कबूल केलं होतं की नव्वदच्या वर टक्के पडले तर नवा मोबाइल. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर तिने त्या मोबाइलचं चित्र चिकटवलं होतं. मी संध्याकाळी घरी आले की शाळेतल्या गमती सांगायची. ती ऐकून एकदा म्हणाली, "आई, तुझ्या पोरांचं बरं आहे. एक धडा वाचला की गाडीवर चक्कर." ती हसत म्हणाली, पण तिचा चेहरा ओढलेला होता. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही ते मोबाइलचं प्रकरण जरा सैल करा. तो म्हणाला, "तू तिकडे स्कूटीवर फिरवतेस, ते काय वेगळं आहे?"

गणपतीनंतरची गोष्ट. शाळा सुटून मुलं गेली होती, मी कुलूप लावत होते. फाटकाशी एक माणूस उभा होता. अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला शर्ट, म्हणजे खालच्या बागांत घड कापायला गेलेला. ओळख पटली, त्या न बोलणाऱ्या मुलीचा बाप. खालच्या शेतकऱ्यांकडे वर्षानुवर्षं काम केल्यामुळे त्याला अहिराणी चांगली यायची.

"बाई, एक इचारनं व्हतं."

"विचारा ना भाऊ."

"तुमनी गाडीवर बसाकरता मनी पोरले काय करनं पडी?"

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. कामाच्या बाबतीत मुकादमाला विचारावं तसं त्याने सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "काहीच करायला नको. मी तिला बस म्हटलं होतं, तीच नको म्हणाली."

"हा, ते बी तिनी सांगं. म्हने, ज्याले वाचता येस तोच बसस. मी फुकट बसाव नही."

"तिने सांगितलं? ती घरी बोलते?"

आता तो हसला. म्हणाला, घरी तर ती थांबतच नाही. संध्याकाळी आजीला आणि शेळ्यांना समोर बसवून शाळा भरवते. हातात काठी घेते, ती बाई होते. आज बाईंनी काय शिकवलं, कोण चुकलं, कोणाला फेरी मिळाली, सगळं सांगते. पुस्तकातली हरवलेल्या करडाची गोष्ट आजीला इतक्या वेळा सांगितली की आता आजीच पुढचं सांगते.

मी विचारलं, "मराठीत सांगते?"

"नही. आमनी बोलीमा."

मी कुलूप लावायचं थांबले. ती गोष्ट मी वर्गात आठवडाभर शिकवली होती आणि प्रत्येक दिवशी मला वाटलं होतं की या मुलीपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो आणि तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी अमळनेरची, त्याच्या अहिराणीला मी इतका वेळ मराठीत उत्तरं देत होते. मग मीही अहिराणीतच म्हटलं, "भाऊ, तिले सांगा, सकाय ती गोष्ट आमले सांग. तुमनी बोलीमाच सांग. मंग शनवारले गाडीवर बस."

"चाली?" त्याने विचारलं.

"चाली ना."

तो "बरं" म्हणाला आणि घराकडे वळला. जाताना त्याने चप्पल हातात घेतली आणि जवळजवळ पळतच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती केसांना भरपूर तेल लावून, दोन घट्ट वेण्या घालून. मी वर्गाला सांगितलं, आज आपल्याला एक जण गोष्ट सांगणार आहे, घरच्या बोलीत. मला कळावी म्हणून चौथीतल्या एका मोठ्या मुलीला गुरुजींकडून मागून आणलं आणि माझ्याशेजारी बसवलं. मुलं आधी खुसखुसली. शाळेत ती बोली खेळताना चालायची, वर्गात मोठ्याने बोलायची म्हणजे काहीतरी आगळीकच.

ती उठली, फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि आमच्याकडे पाठ करूनच सांगायला लागली. पहिली दोन-तीन वाक्यं तोंडातल्या तोंडात. मग आवाज वाढला. वर्ग गप्प होत गेला. मग कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तिने वळून बघितलं की हे आपल्याला हसतात की गोष्टीला. गोष्टीला हसत होते. मग ती आमच्याकडे तोंड करून सांगू लागली.

माझी दुभाषी सुरुवातीला नीट सांगत होती. "बाई, करडू हरवलं. बाई, शेळी रडते." पुढे तीही ऐकण्यात गुंगली. मी कोपराने ढोसलं तर म्हणाली, "थांबा बाई, आता बिबट्या आला."

पुस्तकातल्या गोष्टीत बिबट्या नव्हता. नंतर कळलं, तिने शेळीला स्वतःच्या घरच्या शेळीचं नाव दिलं होतं, करडू हरवलं ते आमच्या फरशीखाली, आणि ते शोधायला गेलेला म्हातारा म्हणजे गुरुजी होते. बिबट्याला बघून गुरुजी चष्मा शोधतात, इथे मुलं लोळली होती. पलीकडच्या खोलीतून गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना पावरी कळायची, इतकी वर्षं त्यांची तिथेच गेलेली. गोष्ट संपल्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, "शेवटी मी वाचलो की नाही, ते काही तिने सांगितलं नाही." आणि ती, जिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, म्हणाली, "वाचले." मराठीत म्हणाली.

शनिवारी तिची फेरी झाली. तिचे वडील कामाला गेले नव्हते, दारात उभे होते, आजीला खाटेवर बाहेर आणून बसवलं होतं. मी तिला मागे बसवून ओढणीने बांधलं. गाडी सुरू होताच तिने माझे खांदे धरले आणि कानाशी तोंड आणून बोलायला सुरुवात केली. फरशीपर्यंत ती बोलतच होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, अधूनमधून "बाई" तेवढं कळायचं. मी "हो, हो" म्हणत होते. पुढे आरशात बघितलं तर ती डोळे मिटून बोलत होती आणि वाऱ्याने तिच्या दोन्ही वेण्या मागे गेल्या होत्या. फरशीवर मी नेहमी वळायची. त्या दिवशी वळले नाही, तिला बागा लागतात तिथपर्यंत नेलं. मागून धावणाऱ्यांनी नंतर मला चांगलंच धारेवर धरलं.

त्यानंतर नियम बदलला. वाचलं तर फेरी, तसंच सांगितलं तरी फेरी, कुठल्याही बोलीत. मग गोष्टींचा पूरच आला. ज्यांना मी कच्चं समजून बसले होते त्यांतली बरीच मुलं कच्ची नव्हती.

फेऱ्या मात्र फार काळ चालल्या नाहीत. दिवाळीच्या आधी एक साहेब शाळा बघायला आले. मुलांनी मोठ्या उत्साहाने त्यांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने गोष्टी ऐकल्या, कौतुक केलं आणि निघताना गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाला, "विद्यार्थ्यांना दुचाकीवर बसवू नका. उद्या काही झालं तर बाई अडकतील." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. गुरुजींनी मला सांगितलं तेव्हा त्यांनाच जास्त वाईट वाटत होतं.

मी मुलांना कसं सांगावं या विचारात होते. शेवटी सरळ सांगितलं, गाडीवरून पडलात तर लागेल, म्हणून साहेब नको म्हणाले. मग एकाने विचारलं, "उभ्या गाडीवर बसलं तर लागतं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी आपापसांत बोलून ठरवलं. ज्याने सांगितलं किंवा वाचलं त्याने खिचडीच्या सुट्टीत स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसायचं आणि तीनदा हॉर्न वाजवायचा. मला वाटलं होतं शाळेतली गंमत संपली. ती तीन हॉर्नवरही तेवढीच राहिली. पाड्यावरच्या बाया शेतातून हॉर्न ऐकून विचारायच्या, आज कोणाचं पोर बसलं?

दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुलंही जातात, होळीला परत येतात आणि तोवर शिकलेलं विसरलेली असतात. त्या वर्षी ऊसतोडीची ट्रकगाडी भरून निघायच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. ती मुलगी आजीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिच्या वडिलांनी मला सांगितलं, "ती येत नही म्हने. माय शे घर, राहू द्या." पोरीला मागे ठेवणं त्याला सोपं गेलं नव्हतं. गाडी हलेपर्यंत तो तिच्याकडे न बघता दोर आवळत राहिला. आजी आणि ती, दोघीच त्या हिवाळ्यात घरी राहिल्या. ती रोज शाळेत आली. होळीला आई-बाप परतले तेव्हा तिने त्यांना मराठी पुस्तक वाचून दाखवलं, असं आजीने मला सांगितलं.

त्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचा निकाल लागला. नव्वदला थोडे कमी पडले. नवऱ्याने मोबाइल आधीच आणून कपाटात ठेवला होता. त्याने तो काढून तिच्यासमोर ठेवला, म्हणाला, "घे, एवढं काही नाही." ती म्हणाली, "पप्पा, ठरलं होतं ना. मला नाही मिळाले." आणि आत निघून गेली. खोकं आठवडाभर टीव्हीशेजारी तसंच पडून होतं.

मग एका सकाळी नवरा तिच्याजवळ जाऊन बसला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मी टक्के धरले, ते चुकलं माझं. वर्षभर तू पहाटे उठत होतीस, तुझ्या मैत्रिणीला गणित शिकवत होतीस, ती पास झाली. हे मी बघितलंय. मोबाइल त्याचा आहे." तिने मान वर केली. मग म्हणाली, "तिला गणितात पासष्ट आहेत." त्यात अभिमान होता. दुपारी खोकं उघडलेलं दिसलं.

मी पाड्यावर पुढे आणखी काही वर्षं होते. ती मुलगी चौथी झाली तेव्हा तिच्या वडिलांनी मला विचारलं, पाचवीला कुठे घालू? खालच्या बाजूला निवासी आश्रमशाळा आहे, तिथे घालायचं ठरलं. जूनमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि गोधडी होती. प्रवेशाच्या टेबलाशी एक तरुण शिक्षक बसले होते. त्यांनी कागद बघितले, मग तिच्याकडे बघून सहज विचारलं, "काय काय येतं तुला?"

"गोष्ट सांगता येते," ती म्हणाली. "कोणत्या भाषेत सांगू?"

शिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुला आवडेल त्या."

रांगेत मागे बरीच माणसं होती, तरी तिने सुरुवात केली. तिचे वडील थोडा वेळ ऐकत उभे राहिले, मग तिची पाण्याची बाटली घेऊन नळाकडे गेले.